'गेम ऑफ थ्रोन्स'च्या चर्चेत उतरताना: आधी हद्द सांगा, मग मत

'गेम ऑफ थ्रोन्स'वरच्या चर्चेत नवखा माणूस शिरला की दहा मिनिटांत दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर कुणीतरी त्याला पुढची मोठी घटना सांगून मोकळं होतं, नाहीतर तो मालिकेतलं काहीतरी ठासून बोलतो आणि पुस्तकवाले "असं कुठं घडलंय?" म्हणत त्याच्यावर तुटून पडतात. दोन्ही भानगडींचं मूळ एकच. बोलणारा कुठपर्यंत आलाय आणि पुस्तकाबद्दल बोलतोय की मालिकेबद्दल, हे कुणी आधी सांगितलेलंच नसतं. पात्रांची नावं, घराणी, तर्क हे सगळं सावकाश अंगवळणी पडतं. आपली ही हद्द आधी सांगायची सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

या लेखात मालिकेच्या पहिल्या भागापुढची कोणतीही मोठी घटना उघड केलेली नाही. कथेची रचना, पात्रांची नावं आणि कुठल्या पुस्तकाचा कुठल्या सीझनशी संबंध आहे, एवढं मात्र येईल.

एकूण पसारा किती

कादंबरीमालेचं नाव 'अ साँग ऑफ आइस अँड फायर'. 'अ गेम ऑफ थ्रोन्स' हे तिच्या फक्त पहिल्या पुस्तकाचं नाव. मालिकेने ते उचललं आणि पुढे सगळ्याच कथेला चिकटलं. त्यामुळे कुणी नुसतं "गेममध्ये असं आहे" म्हणालं, तर पहिलं पुस्तक की मालिका, हे आधी विचारून घ्या.

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची आतापर्यंत आलेली पुस्तकं पाच: 'अ गेम ऑफ थ्रोन्स' (१९९६), 'अ क्लॅश ऑफ किंग्ज' (१९९८), 'अ स्टॉर्म ऑफ सोर्ड्‌स' (२०००), 'अ फीस्ट फॉर क्रोज' (२००५) आणि 'अ डान्स विथ ड्रॅगन्स' (२०११). सहावं आणि सातवं यायचं आहे. मालिका एचबीओवर १७ एप्रिल २०११ ला सुरू झाली आणि १९ मे २०१९ ला संपली. आठ सीझन, ७३ भाग. पहिल्या सहा सीझनमध्ये दहा-दहा, सातव्यात सात आणि आठव्यात सहा.

पुस्तकांतली प्रकरणं अनुक्रमे ७३, ७०, ८२, ४६ आणि ७३. प्रस्तावनेचं आणि समारोपाचं प्रकरण धरून एकूण ३४४. (पहिल्या पुस्तकाची प्रकरणं आणि मालिकेचे भाग दोन्ही ७३ आहेत, हा निव्वळ योगायोग. त्यातून तर्क काढणारेही भेटतील.) आठवड्याला दहा प्रकरणं वाचली तर पाचही पुस्तकं ३५ आठवड्यांत होतात. आठवड्याला दोन भाग पाहिले तर मालिका ३७ आठवड्यांत संपते. गट करून पाहणार असाल तर यापेक्षा वेग वाढवू नका. आठवड्याला पाच भाग ठरवले की तिसऱ्या आठवड्यात निम्मे लोक मागे पडतात, आणि मागे पडलेल्यांसमोर पुढे गेलेल्यांची जीभ घसरतेच.

आधी पाहायचं की वाचायचं

यावर लोक तासन्‌तास भांडतात. आमचं मत सरळ आहे: आधी पहिला सीझन पाहा, मग पहिलं पुस्तक वाचा. पहिल्या पुस्तकात शंभराच्या वर नावं अंगावर येतात, आणि मनात चेहरे तयार असले की ती टिकतात. शिवाय पहिला सीझन पुस्तकाच्या इतका जवळून जातो की पाहून झाल्यावर वाचताना वाट चुकत नाही. उलट क्रमाने गेलात तर मालिकेत काय काय गाळलं याची यादी करण्यातच पहिले तीन भाग निघून जातात.

त्यापुढे मात्र पुस्तकं आधी. कारण सीझन आणि पुस्तकं यांची जोडी पुढे सैल होत जाते:

- पहिला सीझन म्हणजे पहिलं पुस्तक, दुसरा म्हणजे ढोबळमानाने दुसरं.
- तिसरा सीझन तिसऱ्या पुस्तकाचा सुमारे दोन तृतीयांश भाग घेतो. पण त्यात एका पात्राचं कथानक थेट पाचव्या पुस्तकातून उचललेलं आहे.
- चौथ्यात तिसऱ्या पुस्तकाचा उरलेला भाग येतो. त्याच सीझनमध्ये एका मुख्य पात्राचा प्रवास पाचव्या पुस्तकातल्या टप्प्यावर जाऊन पोहोचतो.
- पाचव्यात चौथं आणि पाचवं पुस्तक एकत्र, भरपूर काटछाट करून.
- सहाव्यापासून मालिका छापील पुस्तकांच्या पुढे जाते, तरी चौथ्या पुस्तकातले काही तुकडे तिथेही डोकावतात.

म्हणून "मी तिसरा सीझन पाहिलाय, म्हणजे तिसऱ्या पुस्तकापर्यंतचं मला चालेल" हा हिशेब फसतो. तिसऱ्या पुस्तकाचा शेवटचा तृतीयांश तुम्हाला ठाऊक नसतो, आणि पाचव्यातलं थोडं ठाऊक होऊन बसलेलं असतं. सुरक्षित मर्यादा अशी: दुसऱ्या सीझनआधी दुसरं पुस्तक, आणि तिसऱ्याआधी पाचही.

चौथ्या-पाचव्या पुस्तकाचं एक वेगळंच लफडं आहे. ही दोन पुस्तकं काळाने नव्हे, तर ठिकाणांनी आणि पात्रांनी विभागलेली आहेत. चौथ्यात जॉन, टिरियन, डेनेरिस यांची प्रकरणंच नाहीत. त्यांचा तोच काळ पाचव्यात येतो, आणि पाचव्याच्या उत्तरार्धात सगळे पुन्हा एका काळात येतात. नवा वाचक चौथं पुस्तक अर्ध्यावर टाकतो ते बहुतेक याच कारणाने: आवडती माणसं येतील म्हणून वाट पाहतो आणि ती येतच नाहीत. दोन्ही पुस्तकांची प्रकरणं एकमेकांत गुंफून केलेले वाचनक्रम चाहत्यांमध्ये फिरतात. त्यातला 'बॉइल्ड लेदर' नावाचा बराच प्रसिद्ध आहे. पहिल्या वाचनाला ते हातात घेऊ नका. चौथ्या पुस्तकाची स्वतःची एक संथ लय आहे, ती गुंफणीत तुटते. दुसऱ्या वाचनाला जरूर घ्या.

घराण्यांची वही

एक कोरी वही घ्या किंवा फोनमध्ये एक पान उघडा, आणि प्रत्येक घराण्याला चारच ओळी द्या: नाव, निशाणी, गढी, सध्याचा प्रमुख. पहिल्या सीझनला स्टार्क, लॅनिस्टर, बराथियन, टार्गेरियन, अ‍ॅरिन, टली आणि ग्रेजॉय ही सात पुरतात. पुस्तकांच्या शेवटी घराण्यांची परिशिष्टं असतात, पण हातातल्या पुस्तकाचंच परिशिष्ट बघा. पुढच्या पुस्तकाचं नुसतं चाळलंत तरी कोण उरलं आणि कोण गेलं ते कळतं.

एका नावाची अनेक माणसं ही मार्टिन यांची खास सवय, आणि ती मुद्दाम आहे. खऱ्या राजघराण्यांतही नावं फिरून फिरून येतात. स्टार्क घराण्याचा प्रमुख एडर्ड याने थोरल्या मुलाचं नाव रॉबर्ट राजावरून रॉब ठेवलं आहे. त्याच्या धाकट्या मुलाचं, ब्रॅनचं, पूर्ण नाव ब्रँडन, त्याच्या काकाचंही ब्रँडन, आणि हजारो वर्षांमागे उत्तर सीमेवरची प्रचंड भिंत बांधणारा पूर्वजही ब्रँडनच. मालिकेने यातला थोडा गुंता सोडवला. पुस्तकातला रॉबर्ट अ‍ॅरिन मालिकेत रॉबिन आहे. पुस्तकातली अ‍ॅशा ग्रेजॉय मालिकेत यारा झाली, कारण ओशा नावाची दुसरी एक बाई आधीच होती. त्यामुळे समोरचा 'यारा' म्हणतोय की 'अ‍ॅशा', यावरून तो कुठल्या वाटेने आलाय ते लगेच ओळखता येतं.

टार्गेरियनांच्या बाबतीत एगॉन, एमॉन, एरिस अशी नावं देवनागरीत आणखीच जवळ येतात. लिहिताना पहिल्यांदा पूर्ण ओळख द्या: "एमॉन, भिंतीवरचा म्हातारा मेस्टर" (मेस्टर म्हणजे या जगातला विद्वान, वैद्य आणि सल्लागार). पुढे नुसतं नाव चालेल.

अनौरस मुलांची आडनावं एकदा पाठ करून ठेवाच, कारण आडनावावरून प्रदेश कळतो. उत्तरेत स्नो, नद्यांच्या प्रदेशात रिव्हर्स, व्हेलमध्ये स्टोन, पश्चिमेला हिल, रीचमध्ये फ्लॉवर्स, वादळी प्रदेशात स्टॉर्म, राजधानीच्या आसपास वॉटर्स, डॉर्नमध्ये सँड आणि लोहबेटांवर पाइक. 'जॉन स्नो' हे त्यामुळे कुटुंबाचं नाव नव्हेच. तसंच 'खलीसी' ही पदवी आहे, नाव नाही. डोथ्राकी भाषेत टोळीप्रमुखाला 'खाल' आणि त्याच्या पत्नीला 'खलीसी' म्हणतात. नवख्याची ही चूक हमखास होते आणि लोक तेवढ्याच हमखास हसतात.

मालिकेत आणखी एक अडचण म्हणजे बदललेले नट. दारिओ नहारिस तिसऱ्या सीझनमध्ये एड स्क्राइनने केला आणि चौथ्यापासून मिखिएल हाउसमनने. धिप्पाड ग्रेगर क्लेगेनची भूमिका तर तिघांनी केली. चेहरा वेगळा दिसला म्हणून नवं पात्र समजू नका. संवादात नाव येईपर्यंत थांबा.

सुरुवातीचा नकाशा 'पुढे ढकला' म्हणून टाळू नका. त्या भागात कुठली ठिकाणं महत्त्वाची आहेत त्यानुसार तो बदलत राहतो, आणि नवख्यासाठी दीड-दोन मिनिटांचा फुकटचा भूगोलाचा तास होतो. त्याआधी येणारं "मागील भागांत" मात्र लगोलग भाग पाहत असाल तर टाळलेलं बरं. तीन सीझन न दिसलेलं पात्र त्यात अचानक झळकलं, की आज ते येणार हे कळतंच.

पहिल्या भागावर सराव

फरक नोंदवायची सवय पहिल्या भागापासूनच लावा. वहीच्या पानावर तीन रकाने: पुस्तकात, मालिकेत, परिणाम. तिसरा रकाना रिकामा राहिला तर फरक क्षुल्लक समजायचा.

सुरुवात प्रस्तावनेपासून. भिंतीवर पहारा देणाऱ्या नाइट्स वॉच या दलाचे तिघे भिंतीपलीकडे जातात: वेमार रॉइस, विल आणि गॅरेड. पुढच्याच प्रसंगात पळपुट्या म्हणून ज्याचं डोकं उडवतात, तो पुस्तकात गॅरेड आहे आणि मालिकेत विल. परिणाम? मालिकेत आपण ज्याच्या नजरेतून भीती अनुभवली तोच मरतो, आणि त्याचं कुणी ऐकत नाही हे जास्त टोचतं. पुस्तकात ही प्रस्तावना विलच्याच नजरेतून आहे, त्यामुळे पळालेल्या गॅरेडच्या मनात काय होतं ते आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही. तिसरा रकाना भरला.

वयं हा दुसरा फरक. पुस्तकाच्या सुरुवातीला जॉन आणि रॉब चौदा वर्षांचे आहेत, डेनेरिस तेरा, सान्सा अकरा, आर्या नऊ आणि ब्रॅन सात. मालिकेत सगळ्यांची वयं काही वर्षांनी वाढवली. म्हणूनच "रॉब असा बावळटासारखा का वागला" या प्रश्नाची पुस्तकातली आणि मालिकेतली उत्तरं वेगळी निघतात. चौदाव्या वर्षाची चूक आणि सतराव्या-अठराव्या वर्षाची चूक एकाच तराजूत तोलली की वाद मिटत नाही.

तिसरी गोष्ट क्रमाची. पहिला भाग मनोऱ्यावरच्या प्रसंगावर संपतो; तो प्रस्तावना धरून नवव्या प्रकरणात आहे. पण त्याच भागात दिसणारं डेनेरिसचं लग्न बाराव्या प्रकरणात येतं. म्हणजे "पहिला भाग पाहिलाय, नववं प्रकरण वाचलंय" असं म्हणणारा माणूस लग्नाबद्दल फक्त मालिकेपुरतं बोलू शकतो. गटात वाचन आणि पाहणं एकत्र चालू असेल, तर दर भागामागे सात प्रकरणांचा हिशेब ठेवून शिवाय पाच प्रकरणं पुढे राहा.

सगळ्यात मोठा फरक मात्र कथनाचा. पुस्तकातलं प्रत्येक प्रकरण एकाच पात्राच्या डोक्यात घडतं, आणि पहिल्या पुस्तकात अशी पात्रं प्रस्तावना सोडून आठच: ब्रॅन, कॅटलिन, डेनेरिस, एडर्ड, जॉन, आर्या, टिरियन, सान्सा. रॉबर्ट राजाची राणी सर्सी हिच्या मनात काय चाललंय ते पहिल्या पुस्तकात कधीच थेट कळत नाही. मालिकेला कॅमेरा कुठेही नेता येतो, म्हणून पहिल्या सीझनच्या पाचव्या भागात रॉबर्ट आणि सर्सी एकांतात आपल्या लग्नाबद्दल बोलतात. हा प्रसंग पुस्तकात नाही. पहिल्या सीझनचे भाग ठरलेल्या लांबीपेक्षा कमी भरत होते, तेव्हा असे काही प्रसंग नव्याने लिहिले गेले, आणि त्यांतले दोन-तीन सबंध मालिकेतल्या उत्तम प्रसंगांत मोडतात. चर्चेत त्यांचं कौतुक जरूर करा, पण "सर्सीला रॉबर्टबद्दल असं वाटतं" याचा पुस्तकातला पुरावा म्हणून ते पुढे करू नका.

हद्द कशी लिहायची

प्रत्येक संदेशाची पहिली ओळ म्हणजे हद्द, आणि त्या ओळीत दुसरं काहीही नको. "पुस्तक २ पूर्ण, मालिका सीझन २ पूर्ण" किंवा "फक्त मालिका, सीझन ४ भाग ६ पर्यंत". मग एक-दोन रिकाम्या ओळी, मग मजकूर. गप्पांच्या अ‍ॅपवर संदेशाची सुरुवात फोनच्या सूचनापट्टीत दिसते. तिथे हद्दच दिसली पाहिजे, बातमी नव्हे.

लपवलेला मजकूर लिहायची सोय जिथे आहे तिथे ती वापरा. डिस्कॉर्ड आणि टेलिग्रामवर मजकुराच्या दोन्ही टोकांना दोन-दोन उभ्या रेघा दिल्या की तो झाकला जातो. पण झाकणाआधी हद्द लिहायला विसरू नका. नुसता काळा पट्टा पाहून तो आपल्यासाठी आहे की नाही हे वाचणाऱ्याला कसं कळणार? तो उत्सुकतेपोटी उघडतो आणि मग लिहिणाऱ्याला शिव्या घालतो.

शीर्षकात, चित्रात आणि प्रतिक्रियेच्या चिन्हात काहीही फुटता कामा नये. नवखा शीर्षक जपतो आणि खाली रडका चेहरा टाकतो.

पुढची वाक्यं कुठलीही घटना न सांगता सगळं सांगून टाकतात, म्हणून कायमची बंद:

- "थांब, तू अजून नवव्या भागापर्यंत पोहोचला नाहीस."
- "या पात्रात जीव गुंतवू नकोस."
- "हा तुझा अंदाज... बरं, मी काही बोलत नाही."
- "हे वाक्य लक्षात ठेव, पुढे कामाला येईल."

पुढचं माहीत असलेल्याने नवख्याच्या अंदाजावर एकच प्रतिसाद द्यावा: "असं का वाटतं?" अंदाज बरोबर असो वा चूक, सूर तोच. चुकीच्या अंदाजाला उत्साहाने आणि बरोबर अंदाजाला गप्प राहून उत्तर दिलंत, तर चौथ्या वेळेला समोरच्याला तुमची गंमत कळलेली असते.

नवख्यानेही आपली बाजू सांभाळावी. पात्राचं नाव शोधपट्टीत टाकू नका. नावापुढे यंत्र स्वतःहून 'मृत्यू' जोडून देतं. चाहत्यांच्या विश्वकोशात पात्राचं पान उघडलंत तर उजवीकडच्या चौकटीतच त्याचं पुढचं सगळं आयुष्य असतं. नाव कसं उच्चारायचं, गढी कुठे आहे, इतकंच हवं असेल तर गटात विचारा. न वाचणाऱ्या प्रेक्षकांना जुन्या चाहत्यांनी 'अनसलीड', म्हणजे निष्कलंक, असं नाव दिलं होतं, मालिकेतल्याच एका सैन्यावरून. तो टोमणा समजू नका, उलट लोक तुम्हाला जपतील.

तर्क मांडायचा तर

पुस्तकांबद्दलचा तर्क मांडताना पान क्रमांक देऊ नका. आवृत्तीगणिक पानं बदलतात. पुस्तक, पात्र आणि त्या पात्राचं कितवं प्रकरण, असा संदर्भ द्या: "गेम, एडर्ड १०". प्रकरणांना पुस्तकात फक्त पात्राचं नाव असतं, क्रमांक नसतो. तो आपणच मोजायचा. चौथ्या आणि पाचव्या पुस्तकात काही प्रकरणांना पात्राच्या नावाऐवजी बिरुदं आहेत, तिथे बिरुद तसंच लिहा.

पुराव्याचं वजन या क्रमाने धरा: आधी पुस्तकातलं वाक्य, मग लेखकाचं जाहीर बोलणं, आणि मालिकेतला प्रसंग सगळ्यात शेवटी. मार्टिन यांनी पहिल्या चार सीझनमध्ये दरवर्षी एक भाग स्वतः लिहिला. तरी त्या भागांतलं पुस्तकाबाहेरचं काही पुस्तकाला लागू होत नाही. उलटही खरं: पहिल्या पुस्तकात एडर्डला पडणारं एक लांब स्वप्न पहिल्या सीझनमध्ये नाहीच. कथेतल्या सर्वांत जुन्या तर्काचे धागे त्यातच आहेत, म्हणून केवळ मालिका पाहणाऱ्याला तो तर्क हवेतून आल्यासारखा वाटतो.

पात्राने सांगितलं म्हणजे ते खरंच असेल असं नाही. पात्रं खोटं बोलतात, विसरतात, ऐकीव गोष्टी सांगतात. "अमुक म्हणतो" आणि "अमुकने पाहिलं" यांत फरक करा. निम्मे तर्क तिथेच गळून पडतात. आणि प्रत्येक विसंगती हा सुगावा नसतो. आपल्या पुस्तकांत घोडे मध्येच नराचे मादी होतात आणि डोळ्यांचे रंग बदलतात, हे मार्टिन यांनी स्वतःच कबूल केलं आहे.

'हाउस ऑफ द ड्रॅगन'कडे वळताना

ही मालिका २०२२ ला सुरू झाली, आणि तिचा आधार 'फायर अँड ब्लड' (२०१८) हे पुस्तक. ते पाहायला मूळ मालिका संपवलेली असण्याची गरज नाही. काळ दीडशेहून जास्त वर्षं मागचा आहे. पण वादाची पद्धत इथे बदलते. 'फायर अँड ब्लड' कादंबरीसारखं लिहिलेलंच नाही. ते एका मेस्टरने लिहिलेल्या इतिहासाच्या रूपात आहे. तो मेस्टर एकाच घटनेच्या दोन-तीन हकिगती समोर ठेवतो: धर्मगुरू युस्टसची सोवळी, दरबारातला विदूषक मशरूम याची चहाटळ, आणि मेस्टर मुंकनची अधिकृत. मालिका त्यातली एक निवडते किंवा चौथीच रचते. त्यामुळे इथे "पुस्तकात असं नाही" म्हणण्याआधी एक प्रश्न विचारायचा: पुस्तकात कुणाच्या हकिगतीत नाही?